भरती-ओहोटीचं ॲप निवडायचंय? आकडा नंतर बघा, आधी त्या आकड्याचा पत्ता विचारा

त्या दिवशी फोनवर अगदी स्वच्छ दिसत होतं, भरती लागून अडीच तास झालेत, पाणी पुरेसं आहे, जा खुशाल. आम्ही गेलो. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे, त्याच्यावर आल्यावर आधी इंजिनाचा आवाज जड झाला, मग मागचं पाणी एकदम गढूळ तपकिरी दिसायला लागलं आणि बोट अशी हळूच थांबली की कुणी खालून हात लावून धरलीय असं वाटावं. धक्का वगैरे काही नाही. इंजिन बंद केलं, वर उचललं आणि बसून राहिलो. पाणी चढत होतं म्हणून नशीब, अर्ध्या तासात आपोआप सुटलो. हेच ओहोटी लागल्यावर झालं असतं तर पुढची भरती वर येईपर्यंत तिथेच, बोट एका कुशीवर कललेली आणि घरच्यांचे फोनवर फोन.

नंतर शांतपणे ॲप उघडून बघितलं तेव्हा कळलं की ॲप चुकलं नव्हतंच. त्याने दाखवलेली वेळ बरोबर होती, फक्त ती टेकडीच्या पलीकडच्या उघड्या समुद्रावरच्या स्टेशनची, म्हणजे जिथली भरती मोजून वेळा काढतात त्या ठिकाणाची होती. सरळ रेषेत तेच सगळ्यात जवळचं, म्हणून ॲपने आपणहून तेच उचललं. पाण्याला मात्र टेकडीवरून उडी मारून येता येत नाही, ते वळसा घालून खाडीत शिरतं आणि आत पोचेपर्यंत पाऊण तास गेलेला असतो.

तेव्हापासून कुणी विचारलं की भरतीचं कुठलं ॲप चांगलं, तर मी आधी नाव सांगत नाही, तीन प्रश्न सांगतो. हा आकडा कुठल्या जागेचा, तो कशापासून मोजलाय, आणि वेळ कुठल्या घड्याळाची. ज्या ॲपवर ही तिन्ही उत्तरं दोन टॅपमध्ये सापडतात ते ठेवा, बाकीची दिसायला कितीही देखणी असली तरी फोनवरून काढून टाका. आता एकेक घेतो, पहिल्या दोघांना जरा जास्त वेळ लागेल.

कुठल्या जागेचा

भरतीचा अंदाज हवामानाच्या अंदाजासारखा नसतो, हे आधी डोक्यात पक्कं करा. चंद्र, सूर्य आणि पृथ्वी कुठे असणार हे कित्येक वर्षं आधी माहीत असतं, त्यामुळे त्यांच्या ओढीने पाणी कधी चढणार-उतरणार याचं गणित बसतं. पण ते गणित प्रत्येक जागेसाठी वेगळं बसवावं लागतं, कारण किनारा, तळ, खाडीचं तोंड यांनी पाण्याची वाट बदलते. म्हणून बंदरात पाण्याची पातळी मोजणारं यंत्र बसवतात, खूप दिवस नोंदी घेतात आणि त्यातून पाण्याच्या चढउताराचे वेगवेगळे घटक सुटे करतात. सगळ्यात मोठा घटक चंद्राचा, साधारण १२ तास २५ मिनिटांचा, मग सूर्याचा बरोबर १२ तासांचा, मग असेच बारीकसारीक. अमेरिकेची नोआ ही संस्था साधारणपणे असे ३७ घटक वापरते. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड केल्व्हिन यांनी १८७० च्या दशकात हेच काम करणारं पितळी चाकांचं यंत्र बनवलं होतं, हँडल फिरवलं की कागदावर भरतीची रेघ उमटायची, आणि १९४४ साली नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवायचं होतं तेव्हा त्याच जातीच्या यंत्रांवर भरतीचे अभ्यासक आर्थर डूडसन यांनी भरतीच्या वेळा काढून दिल्या होत्या. तुमच्या फोनमधलं ॲप आतून तेच करतं, चाकांच्या जागी कोड आहे एवढंच.

म्हणजे गणित सगळ्या ॲपचं जवळपास सारखंच, फरक पडतो तो आत कुठला डेटा घातलाय त्याने. अधिकृत डेटा त्या त्या देशाची संस्था काढते, अमेरिकेत नोआ, ब्रिटनमध्ये यूके हायड्रोग्राफिक ऑफिस, फ्रान्समध्ये शॉम, भारतात सर्व्हे ऑफ इंडिया. ॲपच्या माहितीच्या पानावर अशा संस्थेचं नाव आणि डेटा कुठल्या सालचा हे लिहिलेलं असेल तर चांगली खूण. काहीच लिहिलेलं नसेल, नुसतं ‘जगभरातली हजारो ठिकाणं’ एवढीच फुशारकी असेल, तर सावध व्हा. फुकट ॲपमध्ये कधी कधी जुनेपुराणे घटक फिरत असतात, आणि बंदर खोल केलं, नवा बंधारा घातला, भराव टाकला की त्या जागेची भरती थोडी बदललेली असते, ते जुन्या डेटाला कसं कळणार.

दुसरं म्हणजे सगळी स्टेशनं एका तोलाची नसतात. काही मुख्य असतात, जिथे खरोखर मोजमाप होऊन घटक काढलेत. बाकीची दुय्यम, तिथे मुख्य स्टेशनच्या वेळेत इतकी मिनिटं मिळवा आणि उंचीला अमुक पटीने गुणा असा ठोकताळा असतो. दुय्यम म्हणजे वाईट असं नाही, आपल्या खाडीच्या तोंडावरचं दुय्यम स्टेशन हे लांबच्या मुख्यपेक्षा शंभर पटीने कामाचं. पण ॲपने ते सांगायला हवं. चांगल्या ॲपमध्ये स्टेशनच्या नावाशेजारी ते कुठल्या मुख्य स्टेशनवर टांगलंय हेही दिसतं.

आणि तिसरी जात आहे, तिच्यापासून जरा लांबच. नकाशावर कुठेही बोट ठेवा, तिथली भरती हजर. अशी ॲप बऱ्याचदा जागतिक मॉडेलवर चालतात. १९९२ साली टोपेक्स-पोसायडन हा उपग्रह गेला, तो वरून रडारने समुद्राची उंची मोजायचा, त्याच्या आणि नंतरच्या उपग्रहांच्या जोरावर सगळ्या महासागरांची भरतीची मॉडेलं तयार झालीत आणि खोल समुद्रात ती खरंच उत्तम चालतात. पण उपग्रहाला अरुंद खाडी, तिवरांमधली वाट, नदीचं वळण नीट दिसत नाही, आणि हौशी बोटवाला तर नेमका तिथेच फिरत असतो. तेव्हा बोट ठेवलं आणि आकडा आला तर तो स्टेशनवरून आलाय की मॉडेलवरून, हे ॲप सांगतंय का बघा. सांगत नसेल तर खाडीच्या आत त्याच्यावर विसंबू नका.

ॲप हातात घेतल्यावर करायचं काय तर आधी नकाशा उघडून आजूबाजूची सगळी स्टेशनं कुठे कुठे आहेत ते बघायचं. मग ‘आपोआप जवळचं स्टेशन निवडा’ हे सेटिंग शोधून बंद करायचं, आणि पाणी ज्या वाटेने तुमच्यापर्यंत येतं त्या वाटेवरचं स्टेशन हाताने निवडून वर पिन करून ठेवायचं. हे सेटिंग बंदच होत नसेल तर त्या ॲपशी माझं जमत नाही, मी तिथेच उठतो.

कशापासून मोजलेला

हा प्रश्न कुणी विचारतच नाही आणि घोळ सगळ्यात जास्त इथेच होतो. ॲप म्हणतं पाणी १.४ मीटर. कशाच्या वर १.४? तळाच्या वर नक्कीच नाही. ते कुठल्या तरी ठरवलेल्या शून्याच्या वर असतं, आणि चार्टवर, म्हणजे बोटवाल्यांच्या समुद्राच्या नकाशावर, जी खोली छापलेली असते तीसुद्धा एका ठरवलेल्या शून्यापासून खाली मोजलेली असते. दोन्ही शून्यं एकच असतील तरच दोन आकड्यांची बेरीज करायला अर्थ. ब्रिटनच्या आणि इतर बऱ्याच देशांच्या चार्टवर शून्य म्हणजे खगोलीय हिशोबाने पाणी जास्तीत जास्त जितकं खाली जाऊ शकतं ती पातळी. अमेरिकेत वेगळं, तिथे रोजच्या दोन ओहोट्यांपैकी जी जास्त खालची तिची सरासरी, आणि ती सरासरी काढायला १९ वर्षांच्या नोंदी घेतात, कारण चंद्राच्या कक्षेचं एक मोठं चक्र १८.६ वर्षांचं असतं.

हिशोब एकदा करून दाखवतो म्हणजे डोक्यात बसेल. समजा तुमच्या बोटीचा पाण्याखालचा भाग ०.९ मीटर आहे. दांड्यावर चार्टमध्ये खोली लिहिलीय ०.३ मीटर. खाली निदान अर्धा मीटर मोकळं पाणी हवं. म्हणजे ०.९ अधिक ०.५, एकूण १.४ मीटर पाणी पाहिजे, त्यातलं ०.३ चार्ट देतोय, उरलेलं १.१ भरतीने द्यायचं. आता ॲप म्हणतंय सकाळी ९:१० ला ओहोटी ०.६ आणि दुपारी ३:२० ला भरती ३.०. मधला फरक २.४, त्याचा बारावा हिस्सा ०.२. बोटवाल्यांचा बाराव्या हिश्शाचा नियम असा, की सहा तासांत पाणी आधी एक हिस्सा चढतं, मग दोन, मग तीन, तीन, दोन आणि एक. पहिल्या तासाने ०.८ झालं, दुसऱ्या तासाने १.२. म्हणजे १.१ यायला अकरा तरी वाजणार. मी सव्वाअकराला निघेन, कारण मला एकदा अक्कल आलेली आहे.

आता याच हिशोबात शून्य गडबडलं तर काय होतं बघा. ॲपचं शून्य चार्टच्या शून्यापेक्षा खाली असेल तर ॲपचा आकडा मोठा येतो, तुम्हाला वाटतं भरपूर पाणी आहे आणि प्रत्यक्षात नसतं. ही धोक्याची बाजू. उलट ॲप सरासरी समुद्रपातळीपासून मोजत असेल तर आकडे लहान येतात, तुम्ही उगाच थांबून राहता, बोट सुरक्षित पण दुपार वाया. हे ओळखायची सोपी युक्ती म्हणजे महिनाभराच्या ओहोट्या चाळून बघा. जवळजवळ प्रत्येक ओहोटीला उणे आकडा दिसत असेल तर ते बहुतेक सरासरी पातळीपासून मोजतंय. कधीतरीच, उधाणाच्या म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या ओहोटीला उणे जात असेल तर अमेरिकन पद्धतीचं शून्य असू शकतं. कधीच उणे जात नसेल तर सगळ्यात खालच्या पातळीचं असण्याची शक्यता. पण हा झाला अंदाज, खरं तर सेटिंगमध्ये ‘डेटम’ (हे ठरवलेलं शून्य) नावाची ओळ असायला हवी, आणि ती नसेल तर ॲप बनवणाऱ्याने बोटवाल्याचा विचार केलेला नाही, किनाऱ्यावर फिरायला जाणाऱ्याचा केलाय.

चार्टवर काही आकड्यांखाली रेघ मारलेली असते, ती जागा ओहोटीला उघडी पडते, तिथला आकडा बेरजेत नाही तर वजाबाकीत घ्यायचा. आणि फूट-मीटर एकदा नीट तपासा, चार्ट एकात आणि ॲप दुसऱ्यात असला प्रकार कुणाच्याही हातून होतो, फोन बदलला किंवा ॲप पुन्हा टाकलं की सेटिंग गुपचूप मूळपदावर जातं.

शिडाची किंवा उंच छताची बोट असेल तर पुलाचं गणित उलटं चालतं. पुलाखालची मोकळी उंची ओहोटीच्या नाही, वरच्या पातळीपासून मोजतात, ब्रिटिश चार्टवर खगोलीय हिशोबातल्या सगळ्यात उंच भरतीपासून, अमेरिकेत सरासरी भरतीपासून. म्हणजे अमेरिकन पद्धतीत उधाणाच्या भरतीला पुलाखाली लिहिल्यापेक्षा कमी जागा उरते. हे कुठलंच ॲप स्वतःहून सांगत नाही, डोलकाठी तुमची आहे तर लक्ष तुम्हीच ठेवायचं.

कुठल्या घड्याळाची वेळ

छापील तक्ते बऱ्याचदा प्रमाणवेळेत असतात आणि ज्या देशांत उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात तिथे तो तास आपण मिळवायचा असतो. ब्रिटिश तक्ते ग्रीनिचच्या वेळेत असतात, उन्हाळ्यात तिथे एक तास वाढवायलाच लागतो. ॲप साधारणपणे हे स्वतः करतं पण ‘साधारणपणे’ या शब्दावर बोट सोडू नये. परीक्षा अशी, ॲपमध्ये दुसऱ्याच देशातलं स्टेशन उघडा आणि बघा वेळ तिथली दाखवतंय की तुमच्या फोनची, आणि तसं लिहिलंय का. दोन्हीपैकी काहीही चालेल, पण लिहिलेलं पाहिजे. एक तासाची चूक म्हणजे बाराव्या हिश्शाच्या नियमाने मधल्या वेळेत पाव भरती, वरच्या उदाहरणात ०.६ मीटर. आपल्याला हवं होतं अर्धा मीटर मोकळं पाणी, झालं की नाही कल्याण.

भरती रोज सरासरी ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे आज दहाला भरती तर उद्या पावणेअकरा-अकराला. रोजचा फरक कमीजास्त होतो, पण दिवसेंदिवस तीच वेळ दाखवणारं ॲप दिसलं तर काहीतरी बिघडलंय. तसंच उधाण अमावास्या-पौर्णिमेला किंवा बऱ्याच ठिकाणी त्यानंतर एक-दोन दिवसांनी, आणि अष्टमीच्या पुढेमागे भांग, म्हणजे पाण्याचा चढउतार सगळ्यात कमी. जिथे रोज दोन भरत्या येतात तिथे महिनाभराचा आलेख उघडल्यावर हे फुगणं-आवळणं डोळ्याला दिसायला हवं. मला असा महिन्याचा आलेख एका नजरेत देणारी ॲप आवडतात, रविवारी उधाण आहे की भांग हे कळलं की जायचं कुठे ते अर्धं ठरतं.

नेटवर्क नसताना

यावर फार बोलायला नको. फोन विमान मोडवर टाका, ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा, आणि तीन महिन्यांनंतरची एखादी तारीख काढा. आलं तर ठीक. नुसतं गोल फिरत बसलं तर ते किनाऱ्यावर बसून बघायचं ॲप. गणितच आहे, फोन स्वतः करू शकतो, त्याला इंटरनेट लागायचं कारण नाही. जीपीएसलाही नेटवर्क लागत नाही, तेव्हा ‘सिग्नल नाही म्हणून जागा कळत नाही’ ही सबब चालत नाही. आणि तरीही निघण्याआधी त्या दिवसाच्या वेळा कागदावर लिहून घ्या, ओल्या बोटांनी फोनचा पडदा ऐकत नाही आणि उन्हात दिसतही नाही.

आलेखाची रेघ खरी की नटवी

काही ॲप भरतीची वेळ आणि ओहोटीची वेळ घेतात आणि मध्ये सुबक लाट काढून मोकळी होतात. दिसायला छान. पण बऱ्याच जागी पाणी असं सुबक वागत नाही. नदीच्या मुखातून आत गेलात की पाणी भराभर चढतं आणि रेंगाळत उतरतं. इंग्लंडमध्ये साउदम्प्टनला तर भरतीचा माथा दोनदा येतो, मध्ये थोडं उतरून पाणी पुन्हा वर. मेक्सिकोच्या आखातात बऱ्याच ठिकाणी दिवसाला एकच भरती, तीही बेताची, आणि कॅनडाच्या फंडीच्या उपसागरात भरती-ओहोटीतला फरक १६ मीटरपर्यंत जातो. अशा जागी नटवी रेघ आणि बाराव्या हिश्शाचा नियम दोन्ही गंडतात. म्हणून आलेखावर बोट सरकवून बघा, ११:२० ला किती पाणी हे ॲप सांगतं का, आणि ज्या जागेची भरती वेडीवाकडी आहे हे माहीत आहे तिथली रेघ वेडीवाकडी येते का. साउदम्प्टनचा आलेख गुळगुळीत एका माथ्याचा आला तर त्या ॲपची सगळीकडची रेघ नटवी आहे असं धरून चाला.

पाण्याची उंची वेगळी, प्रवाह वेगळा

नवीन बोटवाल्याची एक पक्की समजूत असते की पूर्ण भरती म्हणजे पाणी थांबलेलं. कधी कधी असतं, पण ज्या खाडीला किंवा तळ्याला समुद्राकडचं तोंड अरुंद आहे तिथे विचार करा, बाहेर भरती पूर्ण झाली तरी आत पाणी अजून खालीच असतं, मग ते आत धावतच राहणार, बाहेरचं उतरून आतल्याच्या बरोबरीला येईपर्यंत. म्हणजे प्रवाह थांबायला भरतीनंतर तासच्या तास लागू शकतात. त्यामुळे ॲपमध्ये प्रवाहाचा भाग वेगळा आहे का बघा, वेग, दिशा आणि पाणी फिरण्याची वेळ. वल्ह्याची होडी, कयाक किंवा छोटं इंजिन असलेल्यांना उंचीपेक्षा हेच जास्त लागतं, तीन नॉटच्या (ताशी तीन सागरी मैलांच्या) प्रवाहाविरुद्ध तीन नॉटने वल्हवलं तर दोन तासांनी तुम्ही आहात तिथेच, फक्त दमलेले. प्रवाहाच्या विरुद्ध वारा असेल तर लाटा आखूड आणि उभ्या होतात, आणि तोंडाशी ते फार ओंगळ दिसतं. प्रवाह आणि वारा एकाच पडद्यावर दाखवणारं ॲप मिळालं तर त्यासाठी मी पैसे देईन, बाकी कशासाठी नाही.

हवामान आकड्यात धरलेलं नसतं

वर म्हटलं तसं ॲप चंद्र-सूर्याचं गणित करतं. वारा, हवेचा दाब, नदीचा पूर हे त्यात नसतं. हवेचा दाब एका हेक्टोपास्कलने कमी झाला की पाणी साधारण एक सेंटिमीटर वर येतं, म्हणजे नेहमीच्या १०१३ च्या जागी १०३३ दाब असेल तर पाणी अंदाजापेक्षा २० सेंटिमीटर खाली. किनाऱ्याकडून समुद्राकडे जोराचा वारा असेल तर आणखी खाली. टोकाचं उदाहरण उलट्या बाजूचं, २०१२ साली सँडी वादळात न्यूयॉर्कमधल्या ‘बॅटरी’ नावाच्या जागेच्या स्टेशनवर पाणी अंदाजापेक्षा ९ फुटांहून जास्त वर गेलं होतं. तशा दिवशी कुणी फिरायला जात नाही हे खरं, पण साध्या दिवशीचे ते २० सेंटिमीटरच दांड्यावर नडतात. म्हणून जी ॲप अंदाजाच्या रेघेवर यंत्राने प्रत्यक्ष मोजलेली पातळी दुसऱ्या रंगात दाखवतात ती मला जास्त आवडतात. नोआच्या भरती-प्रवाहाच्या साइटवर हे फुकट बघायला मिळतं, आणि दोन रेघांमधलं अंतर बघत बसलं की आपोआप शिकायला होतं.

नावं विचारालच म्हणून

चार्टसकट सगळं एकत्र हवं असेल तर नॅव्हिओनिक्ससारख्या चार्टच्या ॲपमध्ये भरती आणि प्रवाह नकाशावरच दिसतात, वेगळं ॲप उघडावं लागत नाही, पण त्याला वर्गणी आहे. लॅपटॉपवर आधी बसून आखणी करायची सवय असेल तर ओपनसीपीएन हा चार्टचा प्रोग्राम फुकट आहे आणि त्यात भरतीचा डेटा घालता येतो. एक्सटाइड नावाचा जुना मुक्त प्रोग्राम आहे, दिसायला रुक्ष पण सरळ, आणि तो स्वतःच सांगतो की नौकानयनासाठी माझ्यावर विसंबू नका. हा प्रामाणिकपणा मला रंगीत लाटांच्या ॲनिमेशनपेक्षा बरा वाटतो. ब्रिटनच्या पाण्यात जाणार असाल तर यूके हायड्रोग्राफिक ऑफिसच्या ईझीटाइड या साइटवर पुढच्या थोड्या दिवसांच्या वेळा फुकट मिळतात, कुठलंही दुसरं ॲप तपासायला तो चांगला गज आहे.

पैशांबद्दल एवढंच, की वर्गणी भरण्याआधी चाचणीचे दिवस पुरते वापरा आणि त्यातला एक तरी दिवस पाण्यावर काढा. मासे मिळण्याची शक्यता चार तारे, चंद्राचे सुंदर फोटो, शेअर करायला कार्ड, असल्या गोष्टींसाठी पैसे मोजू नका. आलेखावर जाहिरात येऊन बसणारं ॲप तर फुकट असलं तरी महाग, वळणावर एका हातात सुकाणू असताना ती छोटी फुली दाबून बघा म्हणजे कळेल. आणि भरतीच्या ॲपला तुमची जागा कळली तर समजू शकतो, फोनमधले नंबर कशाला हवेत त्याला.

शेवटची परीक्षा, काठीची

दोन-तीन ॲप गाळून उरली की एक लांब बांबू घ्या, त्यावर दर दहा सेंटिमीटरला रंगाची किंवा चिकटपट्टीची खूण करा आणि जेटीच्या खांबाला घट्ट बांधा, ओहोटीलाही खालचं टोक पाण्यात राहील असा. मग भरतीच्या आधी तासभर जाऊन बसायचं आणि दर दहा मिनिटांनी पाणी कुठल्या खुणेला आहे ते वहीत लिहायचं. लाटांमुळे पाणी वरखाली होतं, त्यातला मधला आकडा धरायचा. माथ्याच्या आसपास पंधरा-वीस मिनिटं खूण हलतच नाही, तेव्हा नेमकी वेळ काढायला चढताना आणि उतरताना पाणी एकाच खुणेला किती वाजता होतं ते बघायचं आणि दोन्ही वेळांच्या मधली वेळ घ्यायची. हे उधाणाला दोन दिवस आणि भांगाला दोन दिवस करा, कारण फरक दोन्हीकडे सारखा निघेलच असं नाही.

माझ्या चार दिवसांच्या वहीत आमच्या जेटीचा फरक उधाणाला ४० मिनिटं आणि भांगाला ५० च्या जवळ निघाला. ॲपमध्ये स्वतःचा फरक घालून ठेवायची सोय असली तर ती वापरा, माझ्याकडच्या ॲपमध्ये नाही. म्हणून मी सुकाणूशेजारी पांढऱ्या चिकटपट्टीवर मार्करने ‘उधाण +४०, भांग +५०’ असं लिहून लावलंय. पट्टी खाऱ्या पाण्याने दर दोन महिन्यांनी सुटते, पुन्हा लावतो.